सामुदायिक गायन आणि आपले आरोग्य

अमरावती जिल्ह्यातलं मोझरी हे गाव आपल्या सर्वांच्या परिचयाचं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तिथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. महाराज खंजिरीवर भजन म्हणत आणि समोर बसलेली मंडळी ते उचलून धरीत. संध्याकाळी साऱ्या गावानं एकत्र बसून प्रार्थना करावी, असा त्यांचा आग्रह असे. ती सामुदायिक प्रार्थना आजही वऱ्हाडात खेडोपाडी होते. तिनं मनाला समाधान लाभतं, हे आपण जाणतोच. पण शरीराला काय लाभतं, ते आज पाहू या.

गाताना आपण श्वास चटकन घेतो आणि ओळ संपेपर्यंत हळूहळू सोडतो. असा उच्छ्वास लांबला, की नाडीची गती किंचित मंदावते आणि जीव शांत होतो. शिवाय सगळे एकच ओळ म्हणतात, म्हणून सगळ्यांचा श्वासही एकाच वेळी चालतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाचे ठोके मोजले. तेव्हा गाण्याच्या चालीबरोबर त्या ठोक्यांची गती एकदमच कमी-जास्त होताना दिसली.

इंग्लंडातल्या ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ साली दुसरी गोष्ट दाखवून दिली. प्रौढांचे काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांत सगळ्याच वर्गांत माणसं जवळ आली. पण गाणाऱ्यांची मनं सर्वांत आधी जुळली.

आपल्या भागात याचं मोल फार आहे. पाऊस दगा देतो, कपाशीवर बोंडअळी पडते, कर्ज वाढतं आणि एखादा माणूस बोलेनासा होतो. ‘मन मोकळं कर’ म्हटलं तरी त्याला ते साधत नाही. पण चार जणांत बसून एक ओळ म्हणणं साधतं. तिथे त्याला काही सांगावं लागत नाही आणि कुणी काही विचारतही नाही. आणि तो चार दिवस आला नाही, तर त्याची रिकामी जागा लोकांच्या ध्यानात येते. मग कुणीतरी त्याच्या घरी जावं, विचारपूस करावी. मात्र गाणं हे औषधाच्या जागी नाही, बरं का! मन फारच खचलं असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावं. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो.

कुणी म्हणेल, “मले कुठं गाता येते?” न येईना का! सूर सर्वांना झेपेल असा खालचा धरावा. एकानं ओळ सांगावी, बाकीच्यांनी झील धरावी. ध्वनिक्षेपक शक्यतो नकोच. त्यानं एकाचाच आवाज मोठा होतो आणि बाकीचे गप्प बसतात.

गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. गावातल्या आजीबाईंना शाळेत बोलवावं आणि ती गाणी मुलामुलींना शिकवावीत. जे मूल वर्गात तोंड उघडत नाही, तेही घोळक्यात गाऊ लागतं. रोज दहा मिनिटं पुरेत. सुरुवात उद्याच्या परिपाठापासून करता येईल.