ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं? डिस्क बदलण्याआधी हे तपासा



आपण इथे बहुतेक वेळा हिशोब, उधारी, दर ठरवणं यावर बोलतो. आज गाडीवर बोलू. कारण पेण-रोहा पट्ट्यातले कितीतरी छोटे धंदे एका जुन्या गाडीवर चालतात. हमरापूर-जोह्याच्या मूर्ती, पेणचे पोहे-पापड, धाटाव एमआयडीसीत लागणारं किरकोळ सामान, सगळं छोट्या हत्तीत नाहीतर पिकअपमध्ये. गाडी दहा-बारा वर्षं जुनी, कर्ज फिटलेलं, म्हणून ती परवडते. आणि नेमकी हीच गाडी ब्रेक मारला की थरथरायला लागते. मागे शाडूच्या मूर्ती असतील तर प्रत्येक ब्रेकला जीव वर-खाली.

गॅरेजमध्ये गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, "डिस्क बेंड झालीय, बदलावी लागेल." कधी ते खरं असतं. पण न मोजता डिस्क बदलली तर दोन-तीन महिन्यांत थरथर परत येण्याची शक्यता बरीच असते. का, ते पुढे सांगतो. आधी बिनखर्चाच्या तपासण्या.

थरथर कुठे जाणवते?

सकाळी लवकर, गाडी रिकामी करून, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर जा. मुंबई-गोवा हायवेवर हे करू नका. तिथे रुंदीकरणाचं काम २०११ पासून चाललंय, थरथर खड्ड्याची की ब्रेकची हेच कळणार नाही, शिवाय मागून ट्रेलर येतात.

६० च्या वेगाने ब्रेकला पाय न लावता चालवा. थरथर तेव्हाही असेल तर हा ब्रेकचा विषय नाही. चाकांचं बॅलन्सिंग, फुगलेला टायर किंवा वाकलेली रिम बघा. फक्त ब्रेक मारल्यावरच होत असेल तर पुढे चला.

स्टेअरिंग हातात हलतं का? मग बहुधा पुढची चाकं. सीटखाली, बुडाला जाणवतं आणि स्टेअरिंग शांत आहे? मग मागचे ड्रम. पेडल पायाला ठराविक तालात उचकतं, वेग कमी होईल तसा ताल मंदावतो? मग डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नाही किंवा ड्रम गोल राहिलेला नाही. (एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारला की पेडल करकरतं, तो दोष नाही. हलक्या ब्रेकलाही होत असेल तरच दोष.)

पुढचं की मागचं हे पक्कं करायला एक सोपी युक्ती आहे. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, तिथे ३० च्या वेगाला हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि लिव्हर हळूहळू ओढा. थरथर आली तर ड्रम. नाही आली तर पुढे बघा. झटक्यात ओढू नका आणि ओल्या रस्त्यावर हा प्रयोग नको.

सुरुवात कधी झाली?

हा प्रश्न गॅरेजवाला क्वचित विचारतो, म्हणून उत्तर तुमच्याकडे तयार हवं. पंक्चर काढल्यानंतर चार-आठ दिवसांत सुरू झाली असेल तर आधी चाकाचे नट. एअर गनने एक नट जोरात, दुसरा हलका असा आवळला की डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. नट सैल करून, समोरासमोरचे घेत, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला आवळा. लवकर केलं तर काही वेळा एवढ्यानेच काम होतं आणि खर्च शून्य.

गाडी पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी होती? आपल्याकडची खारी हवा तुम्हाला माहीतच आहे. रात्रीत डिस्कवर येणारा लालसर गंज पाच-दहा ब्रेकमध्ये निघून जातो. पण बरेच दिवस पॅड एकाच जागी चिकटून राहिले तर तिथे पॅडच्या आकाराचा डाग पडतो, आणि तो प्रत्येक फेऱ्याला पॅडला धक्का देतो.

आणि नवी डिस्क टाकल्यावर सुरुवातीला छान होतं, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर परत आलं? तर दोष नव्या डिस्कचा असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती ज्या हबवर बसवली तो हब साफ केलेला नसतो.

हबवरचा गंज

हे नीट समजून घ्या, पैसे इथेच वाया जातात. हबच्या तोंडावर गंजाचा बारीकसा पापुद्रा असेल तर डिस्क किंचित तिरकी बसते. फिरताना ती डुलते. याला रनआउट म्हणतात. पहिल्या दिवशी हातापायाला काहीच जाणवत नाही. पण ब्रेक न मारताही डिस्कची एकच बाजू पॅडला घासत राहते आणि तिथे हळूहळू पातळ होते. जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शातला एक-दोन इतका फरक पडला तरी पायाला कळतं. म्हणजे जिला आपण "बेंड" म्हणतो ती डिस्क बऱ्याचदा वाकलेली नसतेच, असमान झिजलेली असते. तिच्या जागी नवी टाकली आणि गंज तसाच ठेवला, तर नवीचीही तीच गत.

म्हणून डिस्क उतरवली की हबचं तोंड वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत करून घ्या, डिस्कची आतली बाजूही. मग डायल गेज लावून रनआउट मोजा. मर्यादा प्रत्येक गाडीची वेगळी, साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास. जास्त आलं आणि डिस्क हबवरून सुटी निघणारी असेल, तर ती एक भोक पुढे फिरवून बसवा आणि परत मोजा. कित्येकदा आकडा तिथेच खाली येतो. गेज लावण्याआधी चाक वर-खाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना, हे बघा. बेअरिंग ढिलं असेल तर रनआउटच्या आकड्याला अर्थ नाही.

जाडी आठ ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा. व्हर्नियरवर एवढा फरक दिसत नाही. गॅरेजमध्ये मायक्रोमीटर नसेल तर लेथवाल्याकडे असतो. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. फेसिंग केल्यावरही त्याच्या वर राहत असेल तर लेथवर दोन्ही बाजू सारख्या काढून घ्या, नाहीतर नवी टाका. आणि जोडीने, एकाच चाकाची नाही. ड्रमचंही तसंच, फक्त तिथे कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापुढे टर्निंग केलेला ड्रम वापरू नका, दुकानदार काहीही म्हणू दे.

डिस्क उघडली आहेच तर कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का बघा. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड असेल तर पिन किंवा पिस्टन अडकलाय. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. लोअर आर्मचे बुश आणि टाय रॉडची टोकंही हलवून बघा. ती ढिली असली की जराशी थरथर स्टेअरिंगवर मोठी होऊन येते. ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.

पेडल खाली बसत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल, ब्रेक ऑइल गळत असेल किंवा लोखंड लोखंडाला घासल्याचा आवाज येत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. गाडी तिथेच थांबवा आणि टोचन करून न्या.

खर्चाचं गणित

समजा एका फेरीला तुम्हाला १,२०० रुपये सुटतात आणि दिवसाला दोन फेऱ्या होतात. गाडी दोन दिवस उभी म्हणजे ४,८०० रुपये गेले, बिल वेगळं. तेच काम तीन महिन्यांनी परत काढलं तर दुप्पट. म्हणून गॅरेजवाल्याला तीन आकडे कागदावर मागा: डिस्कची जाडी, रनआउट, नट किती टॉर्कला आवळले. जो मोजून सांगतो त्याला मजुरी जास्त द्यावी लागली तरी द्या. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेसला जायचंच असतं, तेव्हा ही तपासणी त्याच्या महिनाभर आधी ठेवा. मूर्तीवाल्यांनी तर हंगामाआधीच. श्रावणात गॅरेजवाल्यालाही वेळ नसतो आणि तुम्हालाही.

काम झाल्यावर

नवे पॅड किंवा फेसिंग केलेली डिस्क लगेच मालासकट घाटात नेऊ नका. मोकळ्या रस्त्यावर ५० वरून १५ पर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका, मध्ये थोडी हवा लागू द्या. पॅडचा थर डिस्कवर सारखा बसतो.

नागोठण्याकडून भिसे खिंडीतून रोह्याला उतरताना ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकमध्ये तयार होणारी उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ६० वरून थांबायला जेवढी लागते त्याच्या निम्म्याहून कमी ४० वरून. माल भरलेला असेल तर हा फरक पेडलला लगेच कळतो. खाली आल्यावर डिस्क तापलेली असताना पेडल दाबून उभे राहू नका, पॅडचा छाप पडतो. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढू नका. सपाटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर, म्हणजे साधारण एक पेण-रोहा फेरी झाली की, नट परत टॉर्क पान्याने तपासा. तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत लिहा. वही नसेल तर गाडीच्या कप्प्यात आजच एक ठेवा.