लघुमद्यशाळा आणि आपली संधानशाळा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात ८४ आसवांची गणना आहे. धान्यांची ६, फळांची २६, मुळांची ११, सारांची २०, फुलांची १०, कांडांची ४, पानांची २, सालींची ४ आणि शर्करेचे १. धान्यासवांमध्ये सुरेच्या जोडीने सौवीर व तुषोदक यांची नावे येतात. ही दोन्ही जवाची. आज जगभर बिअर म्हणून जे पेय ओळखले जाते, त्याचे मूळ धान्यही जवच. म्हणून या विषयात आम्ही नवखे असलो तरी अगदीच परके नाही. आपल्या त्रैमासिकात बिअर कशासाठी, असा प्रश्न ज्या वैद्यबंधूंना पडेल त्यांना एवढेच सांगतो की येथे विचार करावयाचा आहे तो तिच्या निर्मितीचा.

जालनेकरांना बिअरचे मोठे कारखाने नवे नाहीत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत ते अनेक वर्षे आहेत. ‘क्राफ्ट बिअर’ हा प्रकार मात्र निराळा. काहीशे ते एखाद-दोन हजार लिटरांचा एक घाणा, तो घालणारा एकच जाणकार कारागीर, आणि बहुधा त्याच जागी होणारी ताजी विक्री. महाराष्ट्रात याची सुरुवात २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने केली. पुढे त्याच परिसरात ‘मूनशाइन मीडरी’ने मधापासून मद्य काढावयास घेतले. त्याचे वर्णन ऐकून कोणाही वैद्यास मध्वासवाचे स्मरण होईल.

गतवर्षी आम्ही चौघे, तीन वैद्य व एक औषधनिर्माते, जालन्याहून पुण्यास जाऊन असे एक लहान निर्मितिगृह पाहून आलो. कृती थोडक्यात अशी. जव भिजवून मोड आणतात व वाळवितात. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या घरांत यात नवल वाटण्यासारखे काही नाही. हे माल्ट भरडून ६२ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे तासभर ठेवले जाते. मोडांत जागी झालेली पाचक द्रव्ये तेवढ्या वेळात पिष्टाची साखर करतात. तो गोड रस गाळून हॉप्सच्या कडू फुलांसह तासभर उकळतात, झटपट निववितात आणि किण्व घालतात. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर हे अरिष्टाच्या वळणाचे काम आहे, कारण अग्निसंस्कार आधी होतो. शार्ङ्गधराने सुराबीजास किण्व म्हटले आहे. तो शब्द तेथील तरुण कारागिरास आम्ही सांगितला, तेव्हा त्याने तो वहीत लिहून घेतला.

त्या वहीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आम्हांस खरे शिकावयास मिळाले ते तिच्यातून. प्रत्येक घाण्याला स्वतंत्र पान होते. किण्व घातले त्या वेळची रसाची घनता १.०४८, तिसऱ्या दिवशीची, पाचव्या दिवशीची, आणि अखेरची १.०१०. या दोन टोकांच्या फरकास १३१ ने गुणले की मद्यार्काचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास निघते. हे मोजावयास लागणारे घनतामापक म्हणजे काचेची एक नळी. तिची किंमत कोणत्याही औषधालयास जड नाही. भांड्याचे तापमान १८ ते २२ अंशांत राखले होते. लोखंडी शिडीपासून नळाच्या तोटीपर्यंत सर्व काही धुऊन निर्जंतुक केलेले. कारागीर हसत म्हणाला, ‘‘आमचा अर्धा दिवस धुण्यात जातो.’’

आता आपल्याकडे पाहू. मान न दिलेल्या अरिष्टांसाठी शार्ङ्गधराचा नियम आहे: एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध, दशमांश प्रक्षेप. बिअरच्या रसात साखर साधारण १२ टक्के असते. आपल्या मिश्रणात ती दुपटीहून अधिक भरते. एवढ्या गोडव्यात किण्व मंद चालते, म्हणून आपणांस आठवडे लागतात, आणि जितके दिवस अधिक तितकी बिघाडाची संधी अधिक. धान्यराशीत किंवा जमिनीत घट पुरण्याची जुनी रीत ही तापमान स्थिर राखण्याचीच युक्ती होती. आज पत्र्याखालच्या खोलीत प्लास्टिकची पिंपे ठेवून जालन्याच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडत असता, संधान लावणे म्हणजे शुक्ताला आमंत्रण होय. धायटीची फुले जुनी व उन्हात करपलेली असतील तर त्यांवरचे किण्वही भरवशाचे राहत नाही. अनेक लहान औषधालयांनी अरिष्टे करणे सोडून तयार माल आणून विकण्याचा मार्ग धरला, तो या अनिश्चिततेपायी. आमच्या मते ही हानी मोठी आहे. आसवारिष्टांतील स्वयंजनित मद्यार्क १२ टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे औषध नियमावली सांगते. पण घनताच नोंदविली नाही, तर आपले अरिष्ट कोठे उभे आहे हे घरच्या घरी कळणार कसे? पेटती काडी विझते का, चुन्याची निवळी दुधाळ होते का, कान लावल्यास आवाज येतो का, या परीक्षा उत्तम आहेतच. त्यांच्या शेजारी आकडा हवा.

एक गोष्ट पाहून मात्र मौज वाटली. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये संत्र्याची वाळलेली साल व धने पडतात. आपला धान्यक तेथे प्रक्षेप म्हणून उभा! जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या सालीवर एखाद्या कारागिराची दृष्टी पडावी, आणि त्याआधी आपली पडावी, असे वाटते.

पाण्याचा हिशेब मराठवाड्यात टाळता येत नाही. सुसज्ज मोठ्या कारखान्यातही एका लिटर बिअरमागे ३ ते ४ लिटर पाणी जाते. लहान जागी, धुण्यामुळेच, बरेच अधिक. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यउद्योगांच्या पाण्यात आधी ५० व नंतर ६० टक्के कपात करविली होती. टँकरची वाट पाहिलेल्या आम्हां लोकांना जालन्यात असे निर्मितिगृह निघावे असे म्हणवत नाही.

रुग्णांचे दोन प्रश्न आपल्या सर्वांकडे येतात. ‘बिअरने मुतखडा पडतो का?’ लघवी वाढते, पण मद्यार्काने शरीरातील पाणी घटते आणि युरिक आम्ल वाढते. तेव्हा उत्तर स्पष्ट नकाराचे द्यावे. साधे पाणी भरपूर प्यावयास सांगावे. दुसरा प्रश्न अधिक चतुर असतो: ‘तुमच्या अरिष्टातही दारू आहेच ना?’ आहे. ८ टक्क्यांच्या अरिष्टाच्या २० मिलिलिटर मात्रेत १.६ मिलिलिटर मद्यार्क जातो, तर ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १६.५ मिलिलिटर, म्हणजे दहापट. शिवाय मद्यपानाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले आहे. मात्र मद्य सोडविण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास ही १.६ मिलिलिटरदेखील चालत नाही. अशा रुग्णास अरिष्टाऐवजी क्वाथ किंवा वटी द्यावी, आणि औषधविक्रेत्यांनी बाटली हाती देण्यापूर्वी त्याची चालू औषधे विचारून घ्यावीत.