चंद्र खरा, मग चित्रफीत खोटी का वाटते?

शाबानच्या 29 तारखेला मगरीबनंतर औरंगाबादच्या गच्च्यांवर घरेच्या घरे पश्चिमेकडे डोळे लावून उभी राहतात. चंद्र दिसला, असे कोणी म्हटले की आपण लगेच मान डोलावत नाही. कोणी पाहिला, कुठून पाहिला, आभाळ साफ होते का, हे विचारतो. मोबाइलवर मात्र उलटेच चालते. खोटी चित्रफीत बिनदिक्कत पुढे पाठवली जाते आणि खरी चित्रफीत पाहून मुले म्हणतात, "हे तर एआय आहे!"

16 जुलै 2015 ची एक चित्रफीत घ्या. डिस्कव्हर या यानावरील 'एपिक' कॅमेऱ्याने सुमारे 16 लाख किलोमीटरवरून पृथ्वीसमोरून सरकणारा चंद्र टिपला. चंद्राची जी बाजू आपल्याला इथून कधीच दिसत नाही, ती त्यात दिसते. पण पाहताना वाटते, निळ्या चेंडूवरून कोणी राखाडी चकती सरकवत आहे. असे का वाटावे?

दौलताबादचा किल्ला शहराकडून पाहिला तर धुरकट दिसतो. जवळ जावे तसा स्पष्ट होत जातो. मधल्या हवेतील धूळ आणि बाष्प आपल्याला अंतर सांगतात. अवकाशात हवा नाही. त्यामुळे चंद्र आणि त्याच्यामागे जवळपास चार लाख किलोमीटरवर असलेली पृथ्वी सारख्याच रेखीव दिसतात, जणू एकाच कागदावर चिकटवलेल्या. शिवाय सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी होता. समोरून उजेड पडला की सावल्या दिसत नाहीत आणि गोल वस्तू सपाट भासते. चंद्राची जमीन मुळात काळपट. ढगांनी उजळलेल्या पृथ्वीपुढे तो आणखी निस्तेज दिसतो. इतक्या उजळ पृथ्वीसाठी कॅमेरा क्षणभरच उघडतात, म्हणून मंद तारे उमटत नाहीत.

चंद्राच्या उजव्या कडेला एक बारीक हिरवी रेघ आहे. ती पाहून अनेकांना चोरी पकडल्यासारखे वाटते. खरे कारण साधे आहे. लाल, निळ्या आणि हिरव्या रंगाची छायाचित्रे सुमारे 30 सेकंदांच्या अंतराने वेगवेगळी घेऊन मग एकत्र केली जातात. तेवढ्यात चंद्र थोडा सरकला आणि रंग जुळले नाहीत. म्हणजे ती रेघ चंद्र खरोखर चालत होता याचाच पुरावा आहे.

वेळेचाही खेळ असतो. जूनो यानाने 12 ते 29 जून 2016 या काळात गुरूकडे जाताना त्याचे चार मोठे चंद्र टिपले. आयोला एका फेरीस साधारण 42 तास लागतात, कॅलिस्टोला जवळपास 17 दिवस. इतक्या दिवसांची छायाचित्रे काही क्षणांत पळवली की चंद्र दोऱ्याला बांधलेल्या मण्यांसारखे फिरतात. गुरूच्या सावलीत शिरलेला चंद्र तर दिवा विझावा तसा नाहीसा होतो.

बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाज़िर'मध्ये डोळा कसा फसतो याचा अभ्यास केला. क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो तो आपल्या मनाने केलेल्या अंतराच्या अंदाजामुळे, हे त्यांनी मांडले. म्हणजे 'विचित्र दिसते' एवढ्यावरून निकाल देता येत नाही.

'सगळेच खोटे' म्हणणे सोपे असते आणि हुशारीचेही वाटते. पण ही सवय जडली की उद्या पुराची, अपघाताची, अन्यायाची खरी चित्रफीतही मुले हसून उडवतील आणि खरे बोलणाऱ्याची साक्ष वाया जाईल. म्हणून मुलांना चार प्रश्न शिकवू या: कोणी टिपले, कधी, कुठून आणि किती वेळाचे?

गुरू रात्री वर असेल तेव्हा साधी दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर टेकवून त्याच्याकडे रोखा. शेजारी एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. त्यांच्या जागा सलग तीन-चार रात्री मुलांकडून वहीत काढून घ्या. ठिपके जागा बदलतील. ती चित्रफीत मुलांनी स्वतः बनवलेली असेल.