दीडशेतले तीस पीएस कुणी खाल्ले?

पुणे-नाशिक रस्त्यावर कळंबच्या आसपास चहाला थांबा आणि गाड्यांचा विषय निघू द्या. कुणीतरी ठामपणे सांगणारच : "कंपनी दीडशे म्हणते, डायनोवर चढवली तर एकशे वीस भरली. तीस घोडे कंपनीने खाल्ले!" बोलणं बहुतेक वेळा व्हर्टस जीटी किंवा स्लाव्हिया १.५ या सेडानबद्दल असतं. दोन्ही गाड्या याच रस्त्यावर, चाकणला तयार होतात. त्यांच्या १५० पीएसबद्दलचा हा आरोप चांगली शिकलेली माणसंही करतात, म्हणून एकदा मुळापासून पाहू.

जाहिरातीतला आकडा इंजिनचा असतो, चाकाचा नव्हे. इंजिन टेस्ट बेंचवर बसवतात आणि क्रँकशाफ्टवर ताकद मोजतात. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एअर फिल्टर, सायलेन्सर हे सगळं जोडलेलं असतं, त्यामुळे त्यांनी खाल्लेली ताकद आधीच वजा झालेली असते. डायनो म्हणजे गाडीची ताकद मोजायचं यंत्र; त्याचे रोलर मात्र चाकाखाली असतात. मधे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ड्राइव्हशाफ्ट आणि टायर आहेत. दातावर दात घासतात, तेल घुसळलं जातं, टायर दबून पुन्हा फुलतो, आणि यात गेलेल्या ताकदीची उष्णता होते. ती कुणी चोरलेली नाही.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हेच आपल्याला पक्कं ठाऊक असतं. आंबेगाव-जुन्नरचा शेतकरी ट्रॅक्टर घेताना इंजिन एचपी विचारतो आणि लगेच पीटीओ एचपीही विचारतो, कारण रोटाव्हेटर पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतो. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला पीटीओवर अडतीस-एकोणचाळीस मिळाले तर कुणी दुकानदाराची कॉलर धरत नाही. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या सरकारी चाचणी केंद्राच्या अहवालांत पीटीओची ताकद स्वतंत्र मोजून दिलेली असते. हाच हिशेब कारला लावायची वेळ आली की फसवणूक कशी काय होते?

यापेक्षा वाईट खोड म्हणजे चाकावरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवून "खरा" आकडा काढणं. हा नुकसानीचा टक्का ठरलेला नसतोच. गिअर, तेलाचं तापमान, टायरमधली हवा, गाडी पट्ट्यांनी किती घट्ट आवळली आहे, या प्रत्येक गोष्टीने तो बदलतो. काही डायनो जड रोलर किती वेगाने फिरायला लागला यावरून ताकद काढतात, काही रोलरला ब्रेक लावून मोजतात. दोन्हींवर एकाच गाडीचे आकडे वेगळे येतात. त्यात टर्बो गाडीचा इंटरकूलर रस्त्यावरच्या वाऱ्याने थंड होतो. शेडमध्ये समोर छोटा पंखा लावून लागोपाठ चार वेळा गाडी ताणली, तर आत जाणारी हवा तापते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिन वाचवण्यासाठी ताकद कमी करतो. डायनोचा खरा उपयोग तुलनेचा : तीच गाडी, तेच मशीन, बदलाच्या आधी आणि नंतर.

मग कंपनीच्या आकड्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? भारतात मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर-८५ या नियमानुसार मान्यता चाचणीत कमाल ताकद जाहीर आकड्यापासून २ टक्क्यांपेक्षा जास्त ढळता कामा नये, आणि उत्पादनातल्या इंजिनांना ५ टक्क्यांची मुभा आहे. १५० वर ५ टक्के म्हणजे साडेसात पीएस. तीस नव्हेत.

कंपन्या कधीच खोटं बोलल्या नाहीत, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत २००१ मध्ये माझ्दाने मियाटाचा आकडा १५५ वरून १४२ वर आणला आणि गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. २००२ मध्ये ह्युंदाईने तिथल्या लाखो गाड्यांची ताकद फुगवून सांगितल्याचं कबूल केलं. जपानमध्ये उलटं होतं : २००४ पर्यंत कंपन्या आपसांतल्या समझोत्याने २८० पीएसच्या वर आकडाच सांगत नसत, इंजिन त्याहून दणकट असलं तरी. आरोप करायचा तर असा पुराव्याने करावा.

"पण गाडीला पिकअप नाही" ही तक्रार मात्र खोटी नसते; तिचं कारण वेगळं आहे. व्हर्टस-स्लाव्हियाच्या इंजिनाचे १५० पीएस ५००० ते ६००० आरपीएमला मिळतात. २५० एनएम टॉर्क १६०० ते ३५०० च्या दरम्यान असतो. टॉर्कला फेऱ्यांनी गुणलं की ताकद निघते : २००० आरपीएमला २५० एनएम म्हणजे जेमतेम ७१ पीएस, ३५०० ला सुमारे १२५. अवसरी घाटात वरच्या गिअरमध्ये २००० फेऱ्यांवर ट्रकला ओव्हरटेक करायला गेलात, तर तुमच्या पायाखाली दीडशे नाहीत, ७१ आहेत. दोन गिअर खाली घ्या, बाकीच्यांतले बरेच हजर होतात. सपाट रस्त्यावर ताशी १०० ने एकसारखं जायला अशा सेडानला वीसेक पीएस पुरतात, म्हणून रोजच्या वापरात जाहिरातीचा आकडा जाणवतच नाही.

आता किरकोळ गैरसमज. पीएस आणि बीएचपी एकच नव्हे : १५० पीएस म्हणजे १४८ बीएचपी, ११० किलोवॅट. महाग पेट्रोलने ताकद आपोआप वाढत नाही. पुस्तिकेत सांगितलेला ऑक्टेन मिळत असेल तर वरचे पैसे वाया जातात. ई-२० ने मायलेज घटतं हे खरं, कारण लिटरमागे ऊर्जा कमी. पण त्यावरून ताकदही तेवढीच घटते असं होत नाही. आणि "आपल्याकडे उंचीवर गाडी मरते" हे अर्धं खरं. चाचणीचा आकडा २५ अंश तापमान आणि ठरावीक हवेच्या दाबावर आणलेला असतो. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास हवा विरळ, म्हणून होंडा सिटीसारख्या बिनटर्बो १२१ पीएसच्या इंजिनाचे सहा-सात पीएस इथे खरोखर कमी होतात. टर्बो जास्त वेगाने फिरून ही तूट बरीचशी भरून काढतो.