विश्लेषण : कला आई-वडिलांची, किंमत मुलांची? ‘द फॅमिली फँग’ आजही का पाहावा?

लहान मुलांच्या रडण्या-रुसण्याचे व्हिडीओ अनेकदा आई-वडीलच समाजमाध्यमांवर टाकतात. ही मुले मोठी झाल्यावर काय म्हणतील? जेसन बेटमन दिग्दर्शित ‘द फॅमिली फँग’ या अमेरिकी चित्रपटाने २०१५ मध्येच हा प्रश्न वेगळ्या वाटेने विचारला होता. केव्हिन विल्सन यांच्या २०११ मधील कादंबरीवर तो बेतलेला आहे.

कथानक काय?

केलेब आणि कमिल फँग हे ‘परफॉर्मन्स आर्ट’ करणारे दाम्पत्य. सार्वजनिक ठिकाणी अचानक खोटा प्रसंग घडवायचा आणि बेसावध लोकांच्या प्रतिक्रिया चित्रित करायच्या, ही त्यांची कला. बँकेतला बनावट दरोडा, त्यात सांडणारे खोटे रक्त आणि मधोमध त्यांचीच मुले. कलाजगतात मुलांची ओळख ‘चाइल्ड ए’ आणि ‘चाइल्ड बी’ एवढीच.

मुले मोठी झाल्यावर काय होते?

अ‍ॅनी (निकोल किडमन) अभिनेत्री होते, बॅक्स्टर (बेटमन) लेखक. पण दोघांचीही गाडी रुळावरून घसरलेली. बटाटे फेकणाऱ्या बंदुकीने बॅक्स्टर जखमी होतो आणि भावंडे आई-वडिलांकडे परततात. थोड्याच दिवसांत आई-वडील बेपत्ता होतात. त्यांची गाडी सापडते, तीही रक्ताच्या डागांसह. पोलिसांना घातपाताचा संशय येतो. अ‍ॅनीला मात्र हा आणखी एक ‘प्रयोग’ वाटतो.

कळीचा मुद्दा कोणता?

या घरात मारहाण नाही, उपासमार नाही. उलट मुलांना आई-वडिलांच्या कटात सामील होण्याची गंमतही वाटत असे. पण त्यांना ‘नाही’ म्हणण्याची मुभा नव्हती. म्हणूनच आता त्यांना धड शोकही करता येत नाही. रडावे, तर कदाचित पुन्हा फसलो. न रडावे आणि ते खरेच गेले असतील, तर? ख्रिस्तोफर वॉकन यांनी साकारलेल्या केलेबला यात काही गैर वाटत नाही. त्याच्या लेखी कला आधी, बाकी सारे नंतर.

आजचा संदर्भ काय?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. आई-वडिलांच्या व्हिडीओंमध्ये ठरावीक प्रमाणात झळकणाऱ्या १६ वर्षांखालील मुलांसाठी कमाईचा वाटा राखून ठेवणे त्याने बंधनकारक केले. पैशांचा हिशेब त्यामुळे होईल. पण मुलाला आधी विचारले होते का, हा अ‍ॅनी-बॅक्स्टरचा प्रश्न उरतोच.