फेफरे येणारे मूल आणि त्याचे घर

संत मार्क व संत मत्तय यांच्या शुभवर्तमानांत एक कष्टी बाप आपल्या मुलाला प्रभूकडे घेऊन येतो. मुलगा एकाएकी जमिनीवर कोसळतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, अंग ताठ होते. बापाच्या गाऱ्हाण्यात एक तपशील असा आहे की, तो अशा मुलाच्या जन्मदात्यालाच ठाऊक असावा. मुलगा कधी विस्तवात पडतो, तर कधी पाण्यात. हे किती काळापासून होत आहे, असे प्रभू त्याला विचारतो, आणि बाप उत्तर देतो की, अगदी बालपणापासून. आजचा डॉक्टरही हाच प्रश्न आधी विचारतो.

उज्जैनच्या या परिसरात ह्या व्याधीला मिरगी म्हणतात. आपल्या मराठी घरांत फेफरे, फिट किंवा आकडी म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकात तिचे नाव अपस्मार. नाव कोणतेही असो, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील विजेसारखा सूक्ष्म प्रवाह क्षणभर बेबंद होतो आणि देह त्याच्या ताब्यात जातो. हा भूतबाधेचा प्रकार नव्हे, पूर्वजांच्या पापाचे फळ नव्हे, आणि फेसाच्या स्पर्शाने तो कोणाला लागतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील १०० पैकी ७० जणांचे झटके थांबू शकतात. मग इतकी मुले दुःख का भोगतात? याचे एक मोठे कारण असे की, घर ही गोष्ट लपवून ठेवते. ज्याचा आजार शेजाऱ्याला ठाऊक नाही, ते मूल विहिरीवर कोसळले तर धावून येणाऱ्याला काय करावे हे उमगत नाही.

प्रथम विस्तव आणि पाणी यांचाच विचार करू. चूल वा शेगडी जमिनीवर असेल तर तिच्याभोवती मातीचा कठडा घालावा. अशा मुलीला एकटीने रांधायला बसवू नये. उकळते भांडे चुलीवरून तिने उतरवू नये. विहिरीला कठडा व झाकण असावे. शिप्रेच्या घाटावर, तळ्यावर किंवा कालव्यावर मुलाने एकट्याने कधीही उतरू नये. पोहायचेच असेल तर आजार माहीत असलेला, पोहता येणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा. न्हाणीघराला आतून कडी लावू नये. अंघोळ बसून, तांब्याने करावी. झोपायला बाज ठेंगणी असावी. झाडावर किंवा माळ्यावर चढणे वर्ज्य. परंतु भयापोटी मुलाला कोंडून ठेवू नये. शाळा, खेळ, गायनमंडळ, वेदीसेवा हे सारे त्याचेही आहे. घराची काळजी चुलीला आणि विहिरीला बंदिस्त करो, मुलाला नव्हे.

झटका आला असता काय करावे, हे घरातील लहानथोरांना, शाळेच्या गुरुजींना आणि शेजाऱ्यांना पाठ असावे. मुलाला घट्ट धरू नये. आसपासची टोकदार वस्तू दूर सारावी, डोक्याखाली मऊ घडी ठेवावी, गळ्याजवळचे बटण सैल करावे आणि त्याला हळूच कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध काहीही घालू नये. कांदा व चप्पल हुंगविणे, हातात किल्ली देणे हे निरर्थक आहे. घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर येण्यापूर्वी दुसरा आला, मूल पाण्यात पडले, त्याला मोठी इजा झाली किंवा आयुष्यातील हा पहिलाच झटका असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात एकच आहे.

उपचार कोठे? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व सरकारी शाळेत तपासणी होते. त्यातील विकारांच्या यादीत फिट येण्याचा विकारही आहे. उज्जैनमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, तसेच कॅथोलिक धर्मप्रांताचे पुष्पा मिशन रुग्णालय आहे. अधिक तपासणी लागल्यास इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. या आजाराची जुनी, परिणामकारक औषधे फार महाग नाहीत. मात्र ती दररोज, ठरलेल्या वेळी घ्यावी लागतात. महिनाभर झटका आला नाही म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे हा मोठा घात आहे, कारण त्यानंतर येणारा झटका बहुधा अधिक भयंकर असतो. गोळी बंद करायची ती डॉक्टरांनी, बहुधा दोन वा अधिक वर्षे झटक्याविना गेल्यावर, आणि तीही हळूहळू. पट्टकृमीची अंडी पोटात गेल्यानेही मेंदूत गाठ होऊन फिट येऊ शकते. म्हणून शौचालय, साबणाने हात धुणे व धुतलेल्या भाज्या याही औषधाइतक्याच मोलाच्या.

कुटुंबाला आधारही हवा. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी उभे केलेले 'संवेदना' मंडळ आणि मुंबईतील 'सन्मान' मंडळ यांत अशी कुटुंबे एकत्र येऊन मनमोकळे बोलतात. आपल्या धर्मग्रामातही दोन-तीन आयांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. त्यासाठी पैसा लागत नाही.

कायदाही एके काळी या आजाराला भीत होता. चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे फेफरे येणारा मनुष्य गुरुदीक्षेस अपात्र ठरे. १९८३ च्या संहितेत हा उल्लेख राहिला नाही. १९९९ साली देशाच्या हिंदू विवाह कायद्यातील विवाहाच्या अटींमधूनही फेफऱ्याचे नाव वगळण्यात आले. ग्रंथातून जे भय गेले, ते आपल्या अंगणात कशाला ठेवायचे? मुलीचे लग्न ठरविताना मात्र आजार लपवू नये. सत्य सांगून जुळलेले घर टिकते. लपवून जुळलेल्या घरात लेकीची गोळीही चोरून घ्यावी लागते, आणि चोरून घेतलेली गोळी एक दिवस चुकते. लग्न झालेल्या मुलीने आपल्या औषधाविषयी मूल होण्याआधीच डॉक्टरांना विचारावे, कारण त्यांतील काही औषधे गर्भाला बाधक असतात.

आई-बापांनो, येत्या रविवारी एक कागद घ्या. त्यावर औषधाचे नाव, मात्रा, वेळ, डॉक्टरांचा व १०८ हा क्रमांक लिहा आणि तो चुलीजवळच्या भिंतीवर डकवा. दुसरी प्रत शाळेत द्या आणि तिसरी शेजारच्या घरी. ही तिसरी प्रत देताना हात अडखळेल. तरी ती द्याच.