ट्रॉलीच्या मागील बंपरला पाइप कोणता घ्यावा?

रात्री रस्त्यात उभ्या ट्रॉलीखाली मोटारसायकल घुसली की माणूस हाती लागत नाही. म्हणून मागे बंपर हवाच. तो गावातच करून घेताना पाइप पारखून घ्यावा. पिवळा पट्टा म्हणजे हलका, निळा मध्यम, तांबडा जड. आम्ही ५० मि.मी.चा निळा किंवा तांबडाच सुचवितो. बाहेरून तो सुमारे ६० मि.मी. भरतो. जस्ताचा मुलामा असलेला नको. वेल्डिंगच्या धुराने कारागिराला ताप भरतो, जोडातही भोके राहतात. काळा पाइप घेऊन आधार चेसिसलाच द्यावा. जमिनीपासून उंची ५५ सें.मी.च्या आत ठेवावी. जीपच्या तोंडाला मात्र गार्ड बसवू नये. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग असल्याचे केंद्राने २०१७ साली राज्यांना कळविले आहे.